सगळं तोंडपाठ आहे, तरी वागताना का येत नाही? (मुलांवरचे संस्कार)

ओलावा
बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला विचारलं की खेळणी वाटून घ्यावीत का, तर हो. खोटं बोलावं का, तर नाही. कुणी पडलं तर काय करायचं, तर हात द्यायचा. सगळी उत्तरं तयार. आणि मामेबहीण आली रे आली की रंगांची पेटी कपाटात वर जाते, तिने तरी हात लावला तर ढकलून देतो, आणि मी विचारलं की "ती आपोआप पडली". त्याच संध्याकाळी मला सांगतो की आई, ढकलणं वाईट असतं ना. म्हणजे कळतंय सगळं!

गोष्टी सांगून झाल्या, शांतपणे बोलून झालं, रागावूनही झालं. सासूबाईंचं म्हणणं धाक कमी पडतोय. नवरा म्हणतो वय आहे, सोड, येईल आपोआप. मला दोन्ही पटत नाही. जे तोंडपाठ आहे ते वागण्यात कधी उतरणार आणि तोपर्यंत आम्ही करायचं काय? ज्यांची मुलं या वयातून पुढे गेलीत त्यांनी नक्की लिहा. ज्यांची अजून याच वयात आहेत त्यांनीही लिहा, निदान सोबत होईल.

सहजच
सोबत आहे :) आमच्याकडे पाच वर्षांची. काल धाकट्या भावाला म्हणाली, "शेअरिंग चांगलं असतं, म्हणून तू मला दे."

वाचनखूण
ओलावा, तुमचा मुलगा अगदी वयाला धरून चाललाय. यावर २०१३ मध्ये स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस यांचा एक अभ्यास आला होता. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले आणि दुसऱ्या मुलाबरोबर वाटून घ्यायचे का ते विचारलं. सगळ्या वयाच्या मुलांनी सांगितलं की अर्धे अर्धे करायला हवेत. प्रत्यक्षात लहान मुलांनी जास्त स्वतःकडे ठेवले, सात-आठ वर्षांची मुलं मात्र जवळपास समसमान वाटत होती. मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. त्या लहान मुलांना आधीच विचारलं होतं की तू स्वतः किती देशील, आणि त्यांनी खरं सांगितलं की मी जास्त ठेवणार. नियम माहीत आहे, तो आपल्यालाही लागू आहे हेही माहीत आहे, आणि आपल्याच्याने आत्ता होणार नाही हेसुद्धा माहीत आहे. तेव्हा याला ढोंग म्हणू नका, कळण्याचा आणि वळण्याचा वेग वेगळा असतो एवढंच.

रात्रपाळी
वाचनखूण, हे वाचून बरं वाटलं. आपण मुलाला "माहीत असून करतोस!" म्हणून जास्त रागावतो. त्याला माहीत असणं हाच त्याचा गुन्हा होऊन बसतो.

पैलतीर
मी आजी आहे, नातवंडं तीन. ओलावा, तुझ्या सासूबाईंची बाजू घेते थोडी, रागावू नकोस. धाक म्हणजे मारणं नव्हे गं. घरात एक माणूस असावं ज्याच्या नजरेला नजर देताना मुलाला आत कुठेतरी टोचलं पाहिजे. आजकाल प्रत्येक गोष्टीवर चर्चा. मूल दुसऱ्याला ढकलतं आणि आई खाली बसून विचारते की बाळा तुला काय वाटलं. अगं, जिला ढकललं तिला काय वाटलं ते विचार ना आधी! माझ्या मोठ्या नातीने एकदा मैत्रिणीची वही फाडली, मी काही बोलले नाही, फक्त वही आणि डिंक तिच्या पुढ्यात ठेवला. दीड तास लागला तिला. परत फाडली नाही.

दुसरीघंटा
आजी, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं उदाहरण धाकाचं नाहीच! तुम्ही जे केलंत ते आम्ही शिक्षक लोक वर्गात करायचा प्रयत्न करतो, जे बिघडवलं ते दुरुस्त करायला लावणं. आणि "जिला ढकललं तिला काय वाटलं" हा तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मार्टिन हॉफमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं १९६० च्या दशकापासूनचं काम याच मुद्द्यावर आहे. ज्या घरात मूल चुकल्यावर त्याच्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला इकडे लक्ष वेधलं जातं, तिथे मुलं पुढे स्वतःहून जास्त विचार करतात. नुसती सत्ता गाजवली किंवा "जा, मी बोलत नाही तुझ्याशी" म्हणून प्रेम काढून घेतलं तर ते होत नाही, कारण मुलाचं सगळं लक्ष स्वतःवरच राहतं, मला आता काय होणार, आई परत कधी बोलणार.

माझ्या वर्गातला अनुभव असा की हे दोन वाक्यांत व्हायला हवं. "बघ, तिचा कोपर खरचटलाय. ती आता तुझ्याजवळ यायला घाबरतेय." बास. पुढे दहा मिनिटं बोललं की मूल ऐकणं बंद करतं आणि तुमचा चेहरा वाचायला लागतं.

आणि "आपोआप पडली" बद्दल. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, १९३२ च्या पुस्तकात आहेत. एक मुलगा दार उघडतो, दारामागे कप असल्याचं त्याला माहीत नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा आईची नजर चुकवून कपाटातलं काहीतरी काढायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं पंधरावाल्याकडे बोट दाखवतात. नुकसान दिसतं, हेतू दिसत नाही. साधारण नऊ-दहाच्या आसपास बहुतेक मुलं हेतू बघायला लागतात (नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय की प्रश्न सोपा करून विचारला तर बरीच लहान मुलंही हेतू ओळखतात). तर सहा वर्षांचा मुलगा "आपोआप पडली" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात असं असू शकतं की ती पडली म्हणजे मी फार वाईट, आणि त्याला फार वाईट व्हायचं नाहीये.

काठावरचा
पैलतीर आजींचा मान ठेवून सांगतो, नजरेचा धाक वगैरे ऐकायला छान वाटतं. मी अशाच घरात वाढलो. वडील दारात आले की आम्ही तिघं भावंडं पुस्तकात. शेजारपाजारचे म्हणायचे काय संस्कार आहेत मुलांवर. आम्ही काय शिकलो सांगू? बुटांचा आवाज ओळखायला. मार्कांची कागदं कुठे लपवायची ते. कुणी कुठलं खोटं सांगितलंय ते भावंडांनी एकमेकांत जुळवून घ्यायला. वडील गेले तोवर त्यांना आमच्यातल्या एकाचीही खरी अडचण माहीत नव्हती, आणि त्यांना वाटत होतं मुलं काही लपवत नाहीत. याचं मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, राग नाही.

वाचनखूण
काठावरचा, तुम्ही लिहिलंय त्याला जुळणारं एक संशोधन आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं घेतली. एका शाळेत छडी, चापट वगैरे रोजचं, दुसरीत चूक झाली तर ताकीद. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगायचं आणि मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. दोन्ही शाळांतली बहुतेक मुलं वळली. फरक नंतर पडला. कडक शाळेतली जवळजवळ सगळी वळलेली मुलं खोटं बोलली, आणि ते खोटं निभावण्यातही ती जास्त तरबेज होती. म्हणजे शिक्षेने वळून बघणं थांबलं नाही, खोटं बोलायचा सराव तेवढा झाला.

पैलतीर
वाचतेय सगळं. काठावरचा, तुझं वाचून गप्प झाले थोडी. मी म्हणते तो धाक असा नव्हता, पण मुलाच्या बाजूने तो कसा दिसतो हे आपल्याला कुठे दिसतं. विचार करते.

स्पष्टवक्ती
एवढं तत्त्वज्ञान नको मला, मी प्रॅक्टिकल माणूस आहे. आमच्याकडे भिंतीवर स्टार चार्ट आहे. मदत केली, एक स्टार. खरं बोलली, एक स्टार. दहा स्टार झाले की तिच्या आवडीची एक गोष्ट. तीन महिन्यांत मुलगी बदलली. ओलावा, तू हे करून बघ, सासूबाई पण खूश आणि नवरा पण.

बापमाणूस
स्टार चार्टने आमच्याकडे वेगळंच झालं. लेकाने विचारलं, "आजोबांचा चष्मा शोधून दिला तर किती स्टार?" मी म्हणालो काहीच नाही. तर म्हणाला मग ताईला सांगा.

स्पष्टवक्ती
बापमाणूस, तो तुमच्या चार्टचा दोष, सगळ्यांचा नव्हे :)

वाचनखूण
यावर खूप वाद आहे पण एक प्रयोग सांगतोच. १९७३, लेपर, ग्रीन आणि निस्बेट. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन मोकळे ठेवले. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांवर असा परिणाम नव्हता.

आणि मदतीबद्दल तर थेटच आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो, २००८. वीस महिन्यांची बाळं. मदत केल्यावर खेळणं दिलेली बाळं पुढच्या वेळी, खेळणं मिळणार नसताना, कमी मदत करत होती. ज्यांना नुसतं थँक्यू म्हटलं किंवा काहीच म्हटलं नाही ती करत राहिली.

स्पष्टवक्ती
चित्रं काढायला आवडत होतं ना त्यांना आधीच? माझ्या मुलीला दात घासायला कधीच आवडत नव्हतं, तिथे चार्टने काम केलं हे मी डोळ्यांनी बघितलंय. प्रयोगशाळेतल्या बाळांना रोज सकाळी सातला शाळेत पोचायचं नसतं.

वाचनखूण
दात घासण्याबद्दल पूर्ण सहमत, सवय लावायला छोटं बक्षीस चालतं. मला अडचण "खरं बोलली, एक स्टार" इथे वाटते. उद्या खरं बोलण्याने स्टार मिळणार नसेल आणि ओरडा मिळणार असेल, तेव्हा ती काय करेल?

स्पष्टवक्ती
हम्म. हा मुद्दा घेते. खरं बोलण्याचा रकाना काढून टाकते, दातांचा राहणार.

रात्रपाळी
वीस महिन्यांच्या बाळांवरून आठवलं. माझी ड्युटी रात्रीची, सकाळी घरी येतो तेव्हा धाकटा उठलेला असतो, पावणेदोन वर्षांचा. मी कपडे वाळत घालतो तर तो बादलीतून एकेक कपडा काढून माझ्या हातात देतो. निम्मे जमिनीवर पडतात, एक परत धुवावा लागतो. त्याला कुणी शिकवलेलं नाही. चिमटा माझ्या हातून पडला तर धावत जाऊन आणतो. मोठी मात्र आता नऊ वर्षांची, हाक मारली तर "थांब ना बाबा". मला वाटतं दोन ते पाच या वयात मुलं मदत करायला येतात तेव्हा आपण "राहू दे, सांडशील, जा खेळ" म्हणून परत पाठवतो आणि मग आठव्या वर्षी म्हणतो की मदतीची सवयच नाही.

बापमाणूस
रात्रपाळी +१. शब्दाशब्दाला.

दुसरीघंटा
रात्रपाळी, अगदी. वाचनखूण यांनी ज्यांचं नाव घेतलं त्याच दोघांचा २००६ चा आधीचा प्रयोग आहे, अठरा महिन्यांच्या बाळांवर. माणसाचे दोन्ही हात भरलेले, कपाटाचं दार उघडता येत नाहीये, आणि बाळ उठून जाऊन दार उघडतं, न सांगता, न बक्षीस. त्याचे व्हिडिओही आहेत. वर्गात नव्या पालकांना मी हेच सांगते की चांगुलपणा आपल्याला बाहेरून भरायचा नाहीये, आहे तो टिकवायचाय.

काठावरचा
दुसरीघंटा, यावर थोडा असहमत. बाळं मदत करतात तशी चावतात पण. ओलावाचा मुलगा ढकलतो तेही कुणी शिकवलेलं नाही. दोन्ही आतूनच येतं, त्यातलं कुठलं मोठं करायचं हे बाहेरूनच ठरतं की.

दुसरीघंटा
मान्य, माझं वाक्य जरा जास्त गोड झालं. पण बाहेरून ठरतं ते बोलण्याने कमी आणि बघण्याने जास्त, यावर आपलं एकमत व्हावं. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग बहुतेकांनी ऐकला असेल, स्टॅनफर्डमधला. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने मारतंय हे बघितलेल्या मुलांनी नंतर तसंच मारलं, तेच शब्द वापरून. कुणीही त्यांना "असं मार" म्हटलं नव्हतं.

सहजच
अवांतर होईल, पण मुलांना खेळात मुद्दाम जिंकू द्यावं का? आमच्याकडे पत्त्यांवरून रोज रडारड. नवरा म्हणतो हरायला शिकू दे, मी हळूच पान बदलते. आणि परवा तिने मला पान बदलताना पकडलं आणि म्हणाली, "आई, तू चीटिंग करतेस, पण माझ्यासाठी करतेस म्हणून चालेल."

बापमाणूस
:) :) हे वाक्य लिहून ठेवा. आमच्याकडे नियम असा की लहान माणसाला सुरुवातीला जास्त पानं मिळतात, सगळ्यांना सांगून. मग जिंकला तर खरा जिंकला, हरला तरी खेळ खरा. वयाप्रमाणे पानं कमी होत जातात. आठव्या वाढदिवसाला त्याने स्वतःच सांगितलं की आता मला जास्तीची नकोत. मी इतका खूश झालो की त्या दिवशी नऊ डाव खेळलो.

स्पष्टवक्ती
ही आयडिया उचलली.

चौकटीबाहेर
इथे बहुतेक सगळे आईबाबा दिसताय, मी १९ वर्षांची आहे, मुलाच्या बाजूने लिहू का? आमच्या घरी खूप बोलणं व्हायचं, मूल्यं वगैरे. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते असं : मी सातवीत होते, बाबांनी माझ्यावर एका गोष्टीसाठी सगळ्यांसमोर आवाज चढवला, आणि नंतर कळलं की ते माझं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तेच सगळे नातेवाईक बसलेले असताना बाबा म्हणाले की काल मी हिला बोललो ते चूक होतं, मी विचारायला हवं होतं, सॉरी. खोलीत येऊन एकट्यात नाही म्हणाले. जिथे ओरडले तिथेच म्हणाले. त्यानंतर मला कुणी सॉरी म्हणायला शिकवायची गरज पडली नाही.

दुसरं म्हणजे लहानपणी मला जबरदस्तीने सॉरी म्हणायला लावायचे. मी म्हणायचे आणि मनात मोजायचे की किती लवकर संपेल. समोरच्यालाही कळायचं की हिला वाटत नाहीये. सो ओलावाताई, त्याला लगेच सॉरी म्हणायला लावत असाल तर प्लीज थोडा वेळ द्या.

पैलतीर
शाब्बास गं. आणि तुझ्या बाबांनाही.

ओलावा
सगळे किती मनापासून लिहिताय. चौकटीबाहेर, मी खरंच लगेच म्हणायला लावते, तो भिंतीकडे बघून "सॉऽऽऽरी" म्हणतो. मग सॉरीच्या जागी काय? सोडून द्यायचं का?

दुसरीघंटा
सोडायचं नाही. आधी दोघं शांत होऊ देत. मग "तिला बरं वाटावं म्हणून तू काय करू शकतोस?" त्याला सुचेल ते. वर्गात मुलं पाण्याची बाटली आणून देतात, पडलेल्या वस्तू गोळा करतात, एकाने आपली खिडकीजवळची जागा दिवसभरासाठी दिली होती. सॉरी शब्द बहुतेक वेळा मागून स्वतःच येतो. नाही आला तरी जिला लागलंय तिला काहीतरी मिळालेलं असतं.

काठावरचा
मला एका गोष्टीची भीती वाटते, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आपण "संस्कारी मूल" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ऐकणारं मूल म्हणायचं असतं. मोठ्यांना उलट बोलत नाही, सांगितलं तिथे बसतं, नको असताना जवळ घेऊ देतं. अशा मुलाला उद्या एखाद्या मोठ्या माणसाने चुकीचं काही करायला सांगितलं, किंवा चुकीच्या तऱ्हेने हात लावला, तर ते नाही म्हणू शकेल का? त्याला तर शिकवलंय की मोठ्यांचं ऐकायचं. माझ्या मुलींना मी पहिलं हेच शिकवलं की मोठं माणूसही चुकू शकतं, तुला नको वाटलं तर मोठ्याने नाही म्हण आणि येऊन मला सांग, मी तुझ्यावर विश्वास ठेवेन. याला कुणी उद्धटपणा म्हणालं तरी चालेल.

स्पष्टवक्ती
काठावरचा, हे शंभर टक्के. नातेवाईकाच्या मांडीवर बसायला नको म्हणते तर मी जबरदस्ती करत नाही, मग कुणी तोंड वाकडं करो.

पैलतीर
पण बाबा, मग आदर कुठे शिकवायचा? उद्या म्हणेल बाई पण चुकतात, मी अभ्यास करत नाही.

दुसरीघंटा
आजी, मुलांना हा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप आधी कळतो. एलियट ट्युरिअल आणि त्यांच्याबरोबरच्या अभ्यासकांनी अगदी लहान, बालवाडीतल्या मुलांना विचारलं. शाळेत नियम आहे की अमुक जागीच बसायचं. बाईंनी सांगितलं कुठेही बसा, तर चालेल का? मुलं म्हणतात चालेल. आणि बाईंनी सांगितलं की आज दुसऱ्याला मारलं तरी चालेल, तर? मुलं म्हणतात नाही, बाईंनी सांगितलं तरी नाही, कारण त्याला लागतं. म्हणजे नियम आणि नीती यांच्यातली रेघ त्यांच्याकडे असते. गोंधळ आपण करतो. चपला वाकड्या काढल्या आणि बहिणीला चिमटा काढला, दोन्हीसाठी तोच आवाज, तीच शिक्षा. मग मुलाला वाटतं दोन्ही सारखंच, आईला राग येतो ती गोष्ट.

पैलतीर
हे मला खरंच माहीत नव्हतं. सुनेला वाचायला दिलं. ती म्हणाली चपलांचं मी तिला रोज बोलते ते आता बंद होणार का :)

रात्रपाळी
आवाजावरून आणखी एक. आपण मुलांना जी खोटी भीती घालतो त्याचं काय? "चल नाहीतर इथेच सोडून जाईन", "पोलीस घेऊन जातील", "हे खेळणं बिघडलंय, वाजत नाही". आणि मग म्हणतो खरं बोल.

वाचनखूण
याचाही अभ्यास झालाय, हेमन, ली आणि सहकारी, २०१३, अमेरिका आणि चीन दोन्हीकडे. बहुसंख्य पालकांनी मान्य केलं की मुलाने ऐकावं म्हणून खोटं बोलतो, आणि "तुला इथेच सोडून जाईन" हे अगदी सर्रास सापडलेल्यांपैकी एक. दुसऱ्या एका प्रयोगात (हेज आणि कार्व्हर, २०१४) मोठ्या माणसाने आधी मुलाला साधंसं खोटं सांगितलं आणि मग ते खोटं असल्याचं कबूल केलं. नंतर त्याच माणसाने "बघू नकोस" सांगून मुलाला एकटं ठेवलं. शाळेत जाणाऱ्या वयाची मुलं, ज्यांना असं फसवलं होतं, ती इतरांपेक्षा जास्त वेळा बघत होती आणि जास्त वेळा खोटंही बोलत होती. बालवाडीतल्यांवर तसा फरक दिसला नाही.

गोष्टींचं राहिलंच, ओलावाने लिहिलंय गोष्टी सांगून झाल्या. कुठल्या गोष्टी सांगता यावर आहे ते. कांग ली यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या बोधकथा वाचून दाखवल्या आणि मग ती खरं बोलतात का पाहिलं. लांडगा आला रे आलाने काही फरक पडला नाही. ज्या गोष्टीत मुलगा आपली चूक कबूल करतो आणि वडील त्याच्या खरं बोलण्याचं कौतुक करतात ती ऐकल्यावर मात्र जास्त मुलं खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट उलटा केला, खोटं बोलल्याची शिक्षा मिळते असा, तर परिणाम गेला. म्हणजे खोट्याने काय वाईट होतं हे मुलांना भरपूर ऐकायला मिळतं. खरं सांगितल्यावर काय होतं हे कुणी सांगतच नाही.

बापमाणूस
किंवा सांगतो, पण खरं सांगितल्यावर ओरडतो.

ओलावा
तीन आठवड्यांनी येतेय, धागा वर आणते. वाचनखूण यांचं शेवटचं वाचून दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. घरात सांगून टाकलं की खरं सांगितलं तर ओरडा नाही, पण जे बिघडलं ते नीट मात्र करावं लागेल. नवऱ्याला आणि सासूबाईंनाही हेच पाळायला सांगितलं. सासूबाई आधी म्हणाल्या लाडावेल. पण पैलतीर आजींची वही आणि डिंकाची गोष्ट त्यांना वाचून दाखवली, ती त्यांना एकदम पटली.

मामेबहीण दोनदा आली. पहिल्यांदा आल्याआल्या मी त्याला विचारलं की यातलं तुला अजिबात द्यायचं नाही असं काय आहे? त्याने नवी पेटी दाखवली, ती आम्ही दोघांनी मिळून वर ठेवली, बाकी सगळं खाली. भांडण झालं नाही. दुसऱ्यांदा झालं, हात पिरगळला तिचा. विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाला "मी केलं". मला तोंडातून निघणारा ओरडा गिळायला किती कष्ट पडले ते मलाच माहीत. म्हटलं खरं सांगितलंस, आता तिचं काय करूया. त्याने बराच विचार केला आणि तिला म्हणाला की माझा पण पिरगळ. मी ते थांबवलं, मग दोघांनी मिळून तिच्या हातावर ओला रुमाल ठेवला. पेटी अजून वरच आहे. नवी गोष्ट देत नाहीच तो, पण लपवतही नाही, स्पष्ट सांगतो की ही माझी आहे.

वाचनखूण
कुठली गोष्ट द्यायची नाही हे आधी ठरवू दिलंत, ते फार छान केलंत. मोठी माणसं तरी सगळं कुठे देतात. थोड्या दिवसांनी कधी स्वतःहून काही दिलं तर "छान काम केलंस" यापेक्षा "तुला दुसऱ्याला द्यायला आवडतं" असं म्हणून बघा. ग्रुसेक आणि रेडलर यांनी १९८० मध्ये पाहिलं होतं की आठ वर्षांच्या ज्या मुलांना असं म्हटलं ती नंतर दुसऱ्या प्रसंगीही जास्त उदार वागली. सहाव्या वर्षी कदाचित तेवढं लागू पडणार नाही, पण दोन वर्षं काय लगेच निघून जातात.

सहजच
"माझा पण पिरगळ" :) न्याय म्हणजे न्याय.

रात्रपाळी
ओलावा, छान वाटलं. इथेच एक विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मोठी, नऊ वर्षांची, काल स्वतःहून सांगायला आली की शाळेचा प्रकल्प तिने मैत्रिणीचा बघून उतरवला आणि बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं, मैत्रिणीचं नाही. दोन दिवस नीट झोपली नव्हती. मी बोललो नाही काही, म्हणालो सांगितलंस ते बरं केलंस. आता पुढे काय? बाईंना मी सांगू की तिला सांगायला लावू? सांगायला लावलं तर पुढच्या वेळी माझ्याकडे येणार नाही अशी भीती वाटते.

काठावरचा
तुमच्याकडे आली हेच केवढं मोठं आहे. आमच्यातलं कुणी कधी गेलं नसतं.

दुसरीघंटा
तुम्ही सांगू नका आणि एकटीला पाठवूही नका. सांगायचं हे पक्कं, कारण मैत्रिणीचं कौतुक तिच्याकडे अडकलंय, एवढं तिला शांतपणे सांगा. कसं सांगायचं ते तिच्यावर सोडा : तोंडी, चिठ्ठी लिहून, तुम्ही शेजारी उभे राहून. मैत्रिणीला आधी सांगायचं की बाईंना, तेही तिलाच ठरवू दे. आणि जमलं तर बाईंना आदल्या दिवशी एक निरोप टाका की मुलीला तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचंय, वर्गासमोर नको. शिक्षकाला आधी कळलं तर तो नीट ऐकतो, मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

रात्रपाळी
चिठ्ठी म्हणाली. आत्ता लिहायला बसलीये, मला बघू देत नाहीये. बाईंना निरोप टाकला. सकाळी ड्युटीवरून परस्पर शाळेत जातो, ती म्हणाली दारापर्यंत ये, आत नको.